सगळ्या चांदूरचा एकच ई-मेल

अकोल्याच्या सरांना माझी आठवण कॉम्प्युटर अडला की यायची. सर म्हणजे आमच्या समाजाच्या वधू-वर परिचय मंडळाचे सचिव, शाळेतून निवृत्त झालेले. दरवर्षी अकोल्याला मेळावा भरायचा, मुलामुलींचे बायोडाटे छापलेली जाडजूड पुस्तिका निघायची, आणि घरोघरी ती पुस्तिका बाया पेन घेऊन वाचायच्या. मग एका वर्षी छपाईचं काही जमेना, तेव्हा सरांच्या डोक्यात कुणीतरी भरवून दिलं की आता सगळं ई-मेलवर. मी तेव्हा अमरावतीला एका कोचिंग क्लासच्या ऑफिसात ऑपरेटर होते. सरांचा फोन आला. मेळाव्याच्या फॉर्मांवरचे सगळे पत्ते आपल्या कॉम्प्युटरवर तक्त्यात भरून ठेवलेत, तेवढे मेलच्या ॲड्रेस बुकात टाकून दे, म्हणजे एक बटण दाबलं की सगळ्या घरांत बायोडाटा जाईल. सरांना एका बटणाचं फार कौतुक.

मी हो म्हटलं ते सरांसाठी नव्हे, दादासाठी.

दादा माझा मोठा भाऊ. नांदगाव खंडेश्वरच्या पुढे आमचं गाव, तिथे तो आणि आई. बाबा होते तोवर एकच पालुपद लावायचे, शिका आणि या शेताच्या धुऱ्याबाहेर पडा. दोघांनाही सांगायचे, पण ते अचानक गेले तेव्हा दादा बारावीत होता. शेत कुणीतरी बघायला हवं होतं. तो राहिला, मी बाहेर पडले. त्याला कसलं व्यसन नाही, आवाज चढवून बोलणं नाही, आईला ताप आला तर पिठलं-भाकर स्वतः करून वाढणारा माणूस. आणि त्याची चौतिशी उलटून गेली होती. आम्ही मुली पाहायला जायचो, चहा-पोहे व्हायचे, मंडळी प्रेमाने बोलायची, आणि बसस्टॉपपर्यंत पोचवायला येताना विचारायची की मुलाचं नोकरीचं काही चालू आहे का.

त्या वर्षांत आमचा वऱ्हाड रोज टीव्हीवर दिसायचा. मोठमोठी माणसं गाड्यांचे ताफे घेऊन यायची, गळफास घेतलेल्या शेतकऱ्याच्या घरात शिरून विधवेच्या समोर मांडी घालून बसायची, जायची. बाहेरच्यांना त्यातून काय कळलं ते त्यांचं त्यांना ठाऊक, पण मुलींच्या बापांना सगळं कळलं. एकाने आईच्या तोंडावर म्हटलं होतं, "पोरगी तुमाले देऊ अन् मंग तिले टीव्हीवर पाहू का?" घरी येऊन आईने लुगड्याचा पदर तोंडाला लावला आणि चुलीपुढे बसून राहिली. मला त्या माणसाचा इतका राग आला होता की अजून कमी झालेला नाही. पण त्याला मुलगी होती, आणि तो तिचा बाप होता, हेही खरं.

तर एका रविवारी मी अकोल्याला गेले. सरांच्या कॉम्प्युटरवर भरतकाम केलेलं कापड झाकलेलं होतं, ते त्यांनी घडी घालून बाजूला ठेवलं. तक्ता नीट होता, शिक्षकाच्या हाताचा. तो मेलला समजेल अशा साध्या फाइलमध्ये काढून घेतला आणि पेनड्राइव्हवर टाकून अमरावतीला आणला, कारण सरांच्या घरी इंटरनेट मर्जी झाली तर चालायचं. क्लासच्या चालकांनी सांगितलं, मुलं सुटली की तासभर बस आणि कर तुझं समाजकार्य.

पहिल्याच फटक्याला नावांचा चिवडा झाला. सरांनी सगळं जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेलं, ते ॲड्रेस बुकात उतरलं की नुसते कंस, टक्के आणि उलटी-सुलटी इंग्रजी अक्षरं. सगळी नावं मी इंग्रजी अक्षरांत पुन्हा भरली. त्यात आठवडा गेला. मग ते सॉफ्टवेअर विचारायला लागलं की तक्त्यातला कुठला रकाना कुठल्या चौकटीत टाकू. त्याच्याकडे हुद्द्याला चौकट होती, कंपनीला होती, ऑफिसच्या फॅक्सलासुद्धा होती. शेतीला नव्हती. नोकरीवाल्या मुलांची चौकट भरली, शेतीवाल्यांची रिकामी राहिली. दादाची नोंद उघडली की अर्धा पडदा पांढरा दिसायचा. ज्या साहेबाने ते सॉफ्टवेअर बनवलं त्याच्या ओळखीत कापूस पेरणारा माणूस नसावा.

पुढचा घोळ चांदूर रेल्वे या गावाचा. चांदूर तालुक्यातली नावं आत घ्यायला लागले तशी प्रत्येक नावाला एकच पाटी यायला लागली. हा पत्ता आधीच आहे, जुना काढून नवा ठेवू का? एकदोनदा मला वाटलं नवरा-बायकोने दोन फॉर्म भरले असतील. मग तक्ता उघडून पाहिला तर चांदूरच्या झाडून सगळ्या कुटुंबांपुढे एकच ई-मेल.

मला हसू आलं, कारण कोडं लगेच उलगडलं. आमच्याकडे घरोघरी फोन नव्हते तेव्हा लोक लग्नपत्रिकेवर, अर्जावर शेजाऱ्याचा नंबर द्यायचे आणि पुढे पी.पी. लिहायचे. फोन आला की शेजारी गच्चीवरून हाक मारणार, तुम्ही हातातलं काम टाकून पळत जाणार. त्यात कुणाला कमीपणा वाटत नसे. सरांनी फॉर्मवर ई-मेलचा रकाना छापला, तेव्हा चांदूरच्या लोकांनी तेच केलं. स्टेशनजवळ एका चाचांचा सायबर कॅफे होता, सगळ्यांनी त्यांचा ई-मेल दिला. पी.पी. ई-मेल. पुण्याच्या माणसाला सांगितलं तर तो खोटं समजेल. मी त्या पाटीला नाही म्हटलं, एकाच पत्त्यावर सगळी घरं वेगवेगळी ठेवली आणि स्वतःवर खूश झाले.

काम झालं तसा पहिला बायोडाटा दादाचा पाठवला. सरांची परवानगी घेतली होती. नाव, उंची, शिक्षण, शेती, आई. आणि शेवटी, बहीण, अविवाहित, पदवीधर, अमरावतीला कॉम्प्युटर ऑपरेटर. हे शेवटचं सरांनी घालायला लावलं, म्हणाले, त्याने घराचं वजन वाढतं.

मग वाट पाहणं. कित्येक मेल परत आले, पत्ता चुकीचा म्हणून. बाकीचे कुठे गेले ते समजलं नाही. दादा दर रविवारी गावच्या एसटीडीवरून फोन करायचा, आधी पाऊसपाणी सांगायचा, आईचा गुडघा सांगायचा आणि फोन ठेवता ठेवता विचारायचा, "काई आलं का वं, बाई?" मी म्हणायचे, येईल.

आणि आलं. इंग्रजी अक्षरांत एक ओळ, मुलगा पसंत आहे, पुढचं बोलायला या. खाली नाव नव्हतं, पण वर मेलने स्वतःच नाव दाखवलं होतं. चांदूरच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांचं. त्यांची मुलगी बी.एस्सी. झालेली, तक्त्यात मी तिच्याबद्दल वाचलं होतं आणि वाचून पुढे गेले होते, इतकी ती आमच्या आवाक्याबाहेरची. मी खुर्चीतून उठून उभी राहिले. शेजारच्या वर्गात गणिताचे सर शिकवत होते, नाहीतर मोठ्याने ओरडलेच असते.

तक्त्यातला त्यांचा नंबर बंद लागत होता. म्हटलं, नाहीतरी बोलायला या म्हटलंय, समोरासमोर जाऊ. दादा अमरावतीला आला, राजकमल चौकातून नवा शर्ट घेतला, फिकट निळा, केस कापून आला. वयाच्या मानाने तो कोवळा दिसत होता. मोटरसायकलवर मागे बसून जाताना मला त्या शर्टाच्या कॉलरची कडक घडी दिसत होती, आणि मी अख्ख्या रस्त्यात लग्न कुठल्या महिन्यात धरायचं याचा विचार केला. इतकी मी येडी झाले होते.

मुख्याध्यापक भले माणूस. जय भीम केला, बसवलं, पाणी दिलं. आम्ही मेलचं काढलं तसे ते गोंधळले. आपण तर काही पाठवलं नाही, म्हणाले, मुलीचं तर दिवाळीतच जमलं, मुलगा बँकेत आहे. त्यांची बायको दारात उभी होती, तिची नजर दादाच्या शर्टावर गेली आणि ती आत निघून गेली. तिला सगळं समजलं होतं. मी म्हटलं, पण मेलवर तुमचंच नाव आहे. ते म्हणाले, अहो पण तो ई-मेल तर चाचांचा.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ॲड्रेस बुकात एका पत्त्यावर इतकी घरं होती, पण उत्तर आलं की सॉफ्टवेअर त्यातलं सगळ्यात वरचं नाव लावणार. अख्ख्या चांदूरमधून कुणीही लिहिलं असतं तरी माझ्या पडद्यावर मुख्याध्यापकच दिसले असते. बाहेर येऊन मी ते दादाला सांगितलं. तो म्हणाला, "चाल, ज्याईनं लिव्हलं त्याईच्याकडे जाऊ. कोनं तरी तं लिव्हलंच हाये ना." आवाज अगदी शांत होता.

चाचा कॅफेच्या काउंटरमागे चष्मा कपाळावर चढवून बसले होते. पांढरी दाढी, आणि आमच्यासारखीच वऱ्हाडी, मधून मधून उर्दू. तक्त्यातली सगळी घरं त्यांना तोंडपाठ होती. मेल आला की ज्याचा त्याला निरोप धाडायचे, वाचता येत नसेल त्याला वाचून दाखवायचे, उत्तर असेल तर स्वतः टाइप करायचे. दादाचाही बायोडाटा त्यांनी घरोघर कळवला होता. बहुतेकांनी शेतीपर्यंत ऐकलं आणि पुढचा दाखवा म्हणाले. हे त्यांनी आम्हाला सांगितलं नसतं तरी चाललं असतं, पण आमच्याकडे कुणी आडपडद्याने बोलत नाही. उत्तर त्यांनीच टाइप केलं होतं, नाव टाकायचं राहून गेलं. आम्ही मुख्याध्यापकांकडे जाऊन आलो हे ऐकून त्यांनी कपाळावर हात मारला, "गलतफहमी होऊन गेली बेटा," म्हणाले, आणि समोरच्या टपरीवरून चहा मागवला.

मग त्यांनी खरं घर सांगितलं. चांदूरपासून आत, एका खेड्यातलं. बाप शेतकरी, एक मुलगा, एक मुलगी. मुलगी शिकलेली, चांगली, चाचांनी पाहिलेली. दादाचा चेहरा पुन्हा थोडा उजळला. चाचा थांबले, माझ्याकडे पाहिलं, परत दादाकडे पाहिलं.

"पन त्याईचं एक म्हननं हाये," ते म्हणाले. "त्याईचा पोरगा बी शेतीच करते. त्यालेबी कोनी पोरगी देऊन नाई राह्यलं. ते म्हनतेत साटंलोटं करू. त्याईची पोरगी तुमाले, अन् तुमची बहीन त्याईच्या पोराले."

चहा आला. आम्ही तिघांनी तो प्यायला. मला फक्त एवढं आठवतं की दादाच्या बायोडाट्यातल्या त्या शेवटच्या ओळीचा मला राग आला, सरांचाही आला, आणि दादाकडे बघायची माझी हिंमत होईना. परत येताना तो एवढंच बोलला, "तुह्यावर हाये, बाई. मी काई म्हनत नाई." त्याने म्हटलं असतं तर बरं झालं असतं. भांडता तरी आलं असतं.

आईने मात्र म्हटलं. जबरदस्ती नव्हती तिची, साधंच बोलली, की दोन्ही कामं एका मांडवात उरकतील आणि तिचे डोळे मिटायच्या आत दादाचं घर वसेल. ते लोक काही वाईट नाहीत, मुलगा निर्व्यसनी आहे. अगदी तेच शब्द, जे आम्ही दादाबद्दल दारोदार सांगत फिरलो होतो. मी ते शब्द समोरून ऐकले तेव्हा मला समजलं की ऐकणाऱ्याला ते किती पोकळ वाटतात.

मी त्या मुलाचा विचार केला. तो दादासारखाच असेल असं मनाला समजावलं. दादासारखा भला नवरा कुणाला नको? मग मी पहाटेच्या गोठ्याचा विचार केला, फवारणीनंतर दादाच्या डोळ्यांची होणारी आग आठवली, बोंडं काळी पडली त्या वर्षी घरात महिनाभर कुणी कुणाशी बोललं नव्हतं ते आठवलं. माझी खुर्ची, माझा पगार, फ्रेझरपुऱ्यातली माझी भाड्याची खोली, दाराला आतून लावायची कडी. मला ते सोडायचं नव्हतं. आणि मी सोडलं नाही तर दादा एकटा राहणार होता. हे दोन्ही एकाच वेळी खरं होतं, आणि त्यातून मधला रस्ता निघत नव्हता. ऑफिसात मी मुलांची नावं चुकवायला लागले.

शेवटी त्या घरी फोन लावला. काय बोलणार होते ते मला अजूनही माहीत नाही. नंबर पी.पी.च होता, गावातल्या किराणा दुकानाचा. दुकानदाराने हाक मारतो म्हणून सांगितलं. बराच वेळ गेला. मागे कुणीतरी तेल मागत होतं, कुत्रं भुंकत होतं. मला वाटलं बाप येईल. पण आवाज मुलीचा होता, धापा टाकणारा, पळत आल्यासारखा.

"जय भीम ताई," ती म्हणाली. "बाबा वावरात गेले. मीच आली."

मी कोण ते तिला माहीत होतं. मी विचारलं, काय करतेस? नर्सिंगला अर्ज केला होता, म्हणाली, अमरावतीला नंबर लागायची आशा होती, आता घरचे म्हणतात कशाला. मग तिने आवाज एकदम खाली आणला. दुकानात माणसं असणार.

"ताई, तुमी नाई म्हना," ती म्हणाली. "माहं घरात कोनी आयकत नाई. तुमी नाई म्हटलं तं दोन्ही मोडते. मंग माही बी सुटका होते."

मी विचारलं, आणि तुझा भाऊ? ती म्हणाली, "माहा भाऊ लय चांगला हाये, ताई. लय चांगला हाये." आणि रडायला लागली. दुकानदार काहीतरी म्हणाला. फोन कट झाला.

मी चाचांच्या ई-मेलवर उत्तर पाठवलं, आमच्याकडून जमत नाही, क्षमस्व. या वेळी वर त्या कुटुंबाचं नाव ठळक लिहिलं, आणि खाली माझंही, म्हणजे निरोप दुसऱ्या कुणाच्या दारी जायला नको. तिच्या बोलण्याबद्दल कुणाला काही सांगितलं नाही. दादाला एका बाईने नाकारलं हे पुरेसं होतं, दोघींनी मिळून नाकारलं हे त्याला कळायला नको होतं. मी नाहीच म्हटलं, आणि आज कुणी विचारलं तरी नाहीच म्हणेन. पण ज्या बापाने आईला टीव्हीचं सुनावलं होतं, त्याच्या शेजारी मी जाऊन बसले आहे असं मला त्या दिवसापासून वाटत आलंय. दादाचं लग्न पुढेही जमलं नाही. वर्षं गेली, आता कुणी विषय काढत नाही.

ते उत्तर पाठवलं त्याच्या पुढच्या रविवारी मी गावी गेले होते. दादा अंगणात फवारणीचा पंप खोलून बसला होता, नोझलमध्ये कचरा अडकला होता. आई घरात होती. मी त्याच्याजवळ दगडावर बसले आणि सांगून टाकलं, मी त्यांना नकार कळवला. तो नोझलमध्ये फुंकर मारत राहिला. "बरं केलं," म्हणाला. मग तार घेऊन भोक साफ केलं, उजेडाकडे धरून पाहिलं, परत फुंकर मारली.

"तिच्याशी बोलली का तू?" त्याने माझ्याकडे न बघता विचारलं.

मी हो म्हटलं.

"कशी हाये?"

"चांगली हाये," मी म्हटलं.

"मले वाटलंच होतं," दादा म्हणाला. त्याने नोझल जागेवर बसवलं, पंप पाठीला लावला आणि वावराकडे निघाला.